आधी चार ओळी हळदीच्या

कुंभिवली,
२० जून १९७३

पदूदादास शकूचा नमस्कार.

हळदीचं बरं नाही. इथे आणल्यावर पहिले काही दिवस ठीक होती. आता दिवसभर खाजवते. मागच्या पायाने कानामागे, मानेवर, डोळ्यांच्या वर असं खरवडते की कातडी सोलून खपल्या धरल्यात. पोटावरचे केस चाटून चाटून गेले, खालचं गुलाबी कातडं दिसतं. मधूनच ओकते. विमलमामी म्हणते, पदू जनावरांच्या डॉक्टरीला आहे तर त्याला विचार. औषध कळव.

हे इथवर मामीला वाचून दाखवलं. तिला लिहितावाचता येत नाही, पण या घरातून जाणारा नि येणारा प्रत्येक कागद तिला ऐकायचा असतो. आता ती भाकऱ्या थापायला बसली आहे. खालचं तुझं.

'दादा' वाचून डोकं फिरवून घेऊ नकोस. तुझं उत्तर आलं की तेही मला मोठ्याने वाचावं लागणार. तेव्हा आधी चार ओळी हळदीच्या लिही, मग तुझं काय ते. मी कुठे थांबायचं ते ओळखेन.

मामाचं दुकान हमरस्त्याला लागून आहे, सुक्या मासळीचं. पाऊस लागायच्या आधी सगळी शेतकरी मंडळी चार महिन्यांची मासळी भरून ठेवतात, त्याला इथे आगोट म्हणतात. त्या आगोटीने घरात पाय ठेवायला जागा नाही. ओटीवर सुकटीची पोती, माळ्यावर बोंबील, माझ्या उशाशी जवळा. वेणीलाही वास येतो. उंदरांपासून राखण होईल म्हणून मामाने हळदीला ठेवून घेतलं, नाहीतर टोपलीसकट परत धाडत होता. आता म्हणतो, "खरजुलं मांजर बघून गिऱ्हाईक पळतंय." तुळशीचं लग्न लागलं की पनवेलकडची माणसं मला बघायला येणार आहेत. तोवर हळदी बरी झाली नाही तर पोत्यात घालून खोपोलीच्या घाटात सोडणार. मामा बोलतो ते करतो.

अण्णांनी मला इथे का धाडलं ते तुला ठाऊक आहे. नदीवर आपल्याला कोणी पाहिलं ते अजून कळलेलं नाही. येताना तुझी म्हणून एवढी एकच गोष्ट बरोबर आणता आली, ती ही मांजर. तिला काही झालं तर माझ्याकडे तुझं काही उरत नाही.

कॉलेजात मन लाव.

शकू

*

ठाकुरवाडी,
२ जुलै १९७३

शकू,

चार ओळी हळदीच्या. पांढरं फडकं ओलं करून पसर, त्यावर तिला उभी कर आणि बारीक फणीने अंग विंचर. काळे कण पडले आणि ओल्या फडक्यावर तांबूस पसरले तर पिसवा समज. पिसवा नसतील तर खरूज असेल. खपल्यांवर करंजाचं तेल बोटाच्या टोकाने लाव, चाटू देऊ नकोस. बरी होईल.

मामी, तुमचं इथवर.

शकू, पुन्हा मला दादा लिहिलंस तर मी तिथे येऊन सगळ्या दुकानादेखत सांगेन मी तुझा कोण ते!

वरचा पत्ता बघून चमकली असशील. तुझं पत्र हॉस्टेलवर गेलं, तिथून माझ्या खोलीतल्या सखाने इकडे पाठवलं. कॉलेज सोडलं मी. तुला कुंभिवलीला धाडल्याचं कळलं त्याच दिवशी रेक्टरकडे रजा मागायला गेलो. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कोण वारलं?" मी म्हटलं, "मी." म्हणाले, "मग रजेची गरज नाही." मी खोलीची किल्ली टेबलावर आपटली, ती नेमकी दौतीवर पडली. त्यांचा सदरा निळा झाला. ट्रंक उचलून मुंबईहून घरी कर्जतला आलो तर तू आदल्याच दिवशी गेलेली. आबांनी दारातच विचारलं, "परीक्षा संपली?" नाही म्हटल्यावर आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

आता इथे घाटात खडीच्या कंत्राटदाराकडे मजुरांची हजेरी घेतो. पत्र्याच्या खोलीत राहतो. कर्जतहून गाडी घाट चढते तेव्हा तिला मागून एक जास्तीचं इंजिन ढकलत असतं. ते बघत बसतो. जैतू म्हणून इथल्या वाडीतला जोडीदार मिळालाय, तो म्हणतो, "मास्तर, गाडी गेली, तरी तुमी कुठं बघताव?"

तुला खरं सांगू? हळदीला खरूज-बिरूज नाही. तिला विरह झालाय. माझ्या हॉस्टेलच्या कपाटात जन्मली, माझ्या शर्टात वाढली. मीही इथे खाजवतोच आहे.

तुझा (दादा नव्हे),
पदू

*

कुंभिवली,
१६ जुलै १९७३

पदूदादास,

फडक्यावर काही पडलं नाही. तेल लावलं. हळदी रागाने दोन दिवस पोत्यांमागे बसली. मामीने तेलावर हळदही चोळली. मामा म्हणाला, "आता अक्षता टाका नि घालवा एकदाची." फरक नाही. कानातून रक्त येतं.

पुढचं माझं.

'मामी, तुमचं इथवर' असं परत लिहू नकोस. मी तोंडातून 'मामी, तु' एवढं काढलं होतं! "मामी, तुम्हाला नमस्कार" असं जोडून घेतलं. मामी खूश झाली.

तू कॉलेज सोडलंस. मला ते वाचून राग यायला हवा होता. आधी आनंद झाला, ते खोटं कशाला सांगू? मग दिवसभर राग आला. तू माझ्यासाठी सोडलंस असं म्हणशील. मी मागितलं होतं का? मी अण्णांना सांगत होते, दोन वर्षं थांबा, तो डॉक्टर होतोय. आता काय सांगू? खडी मोजतोय?

विरहाने कोणाच्या कानातून रक्त येत नाही. नीट आठव. शिकवलं असेल तुला काहीतरी.

शकू

*

ठाकुरवाडी,
२१ जुलै १९७३

शकू,

तेल लावत राहा. कोमट पाण्यात कडुलिंब उकळून त्याने कान पूस. धीर धर.

मला काही आठवत नाही. आम्हाला बैल शिकवतात, म्हैस शिकवतात, घोडासुद्धा शिकवतात. मांजराचं एका तासात उरकलं आणि त्या तासाला मी वहीवर तुझं नाव काढत होतो.

खडी मोजत नाही, माणसं मोजतो. पण तू म्हणतेस ते बरोबरच आहे आणि म्हणूनच आज जैतूशी भांडलो, कंत्राटदाराशी भांडलो, रात्री जेवलो नाही. मी येऊ का? तुला आणि हळदीला एकाच टोपलीत घालून आणतो.

पदू

*

कुंभिवली,
१९ ऑगस्ट १९७३

पदूदादास,

आनंदाची बातमी. हळदी बरी होतेय! खाजवणं पुष्कळ कमी झालं, खपल्या गळल्या, पोटावर मऊ लव आली. ओकली नाही. दूधभात पोटभर खाते आणि पोत्यांवर उडी मारते. मामी म्हणते तिने हळदीसाठी श्रावणी सोमवार धरले त्याचा गुण. मी म्हटलं, तेलाचा. मामा म्हणतो, "माज्या शिव्यांचा."

येऊ नकोस. बरं होत असलेलं बिघडवू नकोस. दुकानात सध्या कांदे-बटाटे आहेत. श्रावणात मासळी कोण विचारतं? सगळी पोती बांधून, वर ताडपत्री टाकून माळ्यावर चढवलीत. प्रथमच घराला घराचा वास येतोय. काल वेणी घातली तेव्हा तू नदीवर म्हणाला होतास ते आठवलं. काय ते लिहीत नाही.

शकू

*

ठाकुरवाडी,
२३ ऑगस्ट १९७३

शकू, शकू, शकू,

चार ओळी: तेल थांबवू नका. गुण आला म्हणून सोडलं की रोग उलटतो.

बघितलंस? अर्धं कॉलेज केलेल्याने बरी केली! मी सगळ्या वाडीला सांगितलं. जैतूने त्याची शेळी आणली, एकाने कोंबडा आणला. पण मला अजूनही वाटतं, तेल हे निमित्त. माझी पत्रं तू तिच्याजवळ बसून वाचतेस, कागदाला माझा हात लागलेला असतो, तो तिला कळतो. तू हसशील. हस. तू हसताना मान डावीकडे टाकतेस, ते मला इथे पावसात, धुक्यात, हजेरी घेताना, कुठेही दिसतं. हाक मारतो 'नामा' आणि तोंडातून दुसरंच निघतं. मजूर हसतात.

काय म्हणालो होतो मी नदीवर? लिही ना.

पदू

*

कुंभिवली,
२० सप्टेंबर १९७३

पदूदादास,

हळदी पुन्हा पहिल्यासारखी. पहिल्याहून वाईट. तेल एक दिवसही चुकलं नाही. गणपतीत गुटगुटीत होती, आरतीला मामाच्या मांडीवर बसली होती. गणपती गेले, श्रावण-भादव्याचं सोवळं सुटलं, मामाने माळ्यावरची पोती उतरवली, घराघरांतून तव्यावर बोंबील चढले, सगळे जेवून तृप्त झाले आणि आठवडा नाही झाला तो हिचं सुरू. कपाळावर जखम झाली आहे. काल मामाने रिकामं पोतं झटकून खुंटीला अडकवलं. मला दिसेल असं.

पदू, मी मामीसमोर रडत नाही. ती विचारते, मांजरासाठी एवढं काय?

नदीवरचं लिहिणार नाही. तुला आठवत नसेल तर राहू दे.

शकू

*

ठाकुरवाडी,
२५ सप्टेंबर १९७३

शकू,

तुझं पत्र उभ्याउभ्या वाचलं, मग रुळाच्या कडेला बसून वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना ओरडलो. श्रावण! अगं, तूच लिहिलंयस सगळं आणि तुलाही कळलं नाही, मलाही नाही.

ती बरी कधी झाली? घरात मासळी बंद झाली तेव्हा. बिघडली कधी? परत सुरू झाली तेव्हा. तेल दोन्ही वेळा होतं. माझी पत्रंही दोन्ही वेळा होती. (हे लिहिताना जीव जातोय.) दूधही दोन्ही वेळा होतं.

आता तो तास आठवतोय. सर म्हणाले होते, एखाद्या मांजराला एखादं खाणं सोसत नाही. खाणं नासलेलं नसतं, ताजं असलं तरी सोसत नाही. आज पहिल्यांदा खाल्लं म्हणून नव्हे, रोज खाऊन खाऊन अंग एके दिवशी ते नाकारतं. मग डोकं, मान, कान खाजतात, पोटावरचे केस जातात, कधी उलटी, कधी जुलाब. लोक खरूज समजून वरून औषधं लावत बसतात. आपण तेच केलं.

उपाय असा. तिने जन्मात खाल्लं नाही असं एकच मटण. बकऱ्याची कलेजी उकडून, मीठ-मसाला काही नाही, आणि सोबत भात. बाकी सगळं बंद. दूध निर्दोष वाटतं, तरी तेही बंद. सुकटीचा चुरा नको, मासळीचं धुवण नको, ताटातलं उष्टं नको, मासळीचे हात चाटायला देणं नको. एकदा चुकलं की पहिल्यापासून. दोन पौर्णिमा जाईपर्यंत हे पाळायचं. बरी झाली की एकदा मासळी देऊन बघायची. परत खाजली तर खूण पटली.

हे सगळं मामीला वाचून दाखव, थांबू नकोस कुठे. फक्त हे सोडून: तू नदीवर पाण्यात पाय सोडून बसली होतीस आणि मी म्हणालो होतो, तुझ्या केसांना भाताच्या लोंबीचा वास येतो. विसरेन मी?

पदू

*

कुंभिवली,
३ ऑक्टोबर १९७३

पदूदादास,

सुक्या मासळीच्या दुकानात मांजराला मासळी बंद! मामा हसून हसून खोकला. मग म्हणाला, "माज्या मालात खोट काढतंय काय ते?" मी म्हटलं, मालात नाही. पण त्याला ते लागलंच.

घरात ठेवून हे जमणार नव्हतं, जमिनीवरसुद्धा चुरा पडलेला असतो. गावात मासळी न शिजणारं एकच घर, रस्त्यापलीकडच्या धोंडूबाईचं. ती माळकरी. तिला म्हटलं, हळदीला ठेवून घे. ती खुशीने हो म्हणाली. मग तिला सांगितलं की हळदीला बकऱ्याची कलेजी लागेल. म्हातारीने गळ्यातली माळ चाचपली. नंतर म्हणाली, "मांजराला कुटं माळ घातलीय? खाऊ दे. पर उंबऱ्याच्या आत नको गं बाय." म्हणून मी रोज तिच्या परसात पेंढ्याच्या उडवीमागे हळदीला जेवू घालते, तोंड पुसते, आणि मग ती आत जाऊन विठोबाच्या फोटोखाली झोपते. कलेजी खालापूरच्या बाजारातून आणते.

ती मासळी मागते, पदू. आमच्या दुकानाकडे तोंड करून असं ओरडते की वाटतं द्यावी एक सुकट. मी हात साबणाने धुऊन तिच्याजवळ जाते, तरी ती माझी बोटं हुंगत राहते. मग मी उठून येते. खाजवणं थोडं कमी आहे.

तुळशीच्या लग्नापर्यंत तू इकडे फिरकू नकोस. मामाला आपला संशय आलाय, म्हणून त्याला मी तसा शब्द दिलाय, तुझ्या वतीने. पाळशील ना?

शकू

*

ठाकुरवाडी,
८ ऑक्टोबर १९७३

शकू,

आलो होतो. तुला कळलंच असेल.

दसरा होता. सगळी वाडी एकमेकांना सोनं देत होती आणि माझ्या खिशात तुझ्यासाठी तोडलेली आपट्याची पानं वाळत होती. जैतू म्हणाला, "जा रं, जाऊन ये एकदाचा, नायतर आमाला मारशील." जैतूच्या बायकोने शिदोरी बांधून दिली. निघालो.

तू नव्हतीस. दुकानात मामा होते. नमस्कार केला, सोनं दिलं. ते घेतलं त्यांनी, आणि म्हणाले, "शकू घरात नाय. आनि असती तरी नाय." मी शांत होतो, शपथेवर सांगतो. मग त्यांनी ते पोतं दाखवलं. हसत दाखवलं. मग मी काय बोललो ते पूर्ण आठवत नाही. त्यांच्या मासळीला विष म्हणालो एवढं आठवतं. गिऱ्हाइकं होती. एका बाईने हातातली बोंबलाची जुडी परत ठेवली.

परत फिरताना पलीकडच्या पायरीवर हळदी दिसली. केवढी वाळली आहे! मला ओळखलंन् तिने. पायाला अंग घासलं, मांडीवर चढली, तोंडाकडे बघून ओरडली. इतक्या महिन्यांनी भेटतोय आणि रिकाम्या हाताने? शिदोरीत भाजलेला बोंबील होता, त्यातलं टोक दिलं. एवढंसं. त्याने काय होतंय? तिने डोळे मिटून खाल्लं. तू तिला उपाशी मारते आहेस, शकू.

पानं पायरीवर ठेवली होती. मिळाली का?

पदू

*

कुंभिवली,
१४ ऑक्टोबर १९७३

पदू,

आज हळदीच्या चार ओळी नाहीत, सगळं पत्र तिचंच आहे. मामीला वाचून दाखवणार नाही.

एवढंशाने काय होतंय ते सांगते. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी तिने मान खाजवायला घेतली. तिसऱ्या दिवशी कपाळावरची भरत आलेली जखम उघडी पडली. मला काही कळेना. मी धोंडूबाईला बोलले, "तूच काहीतरी दिलंस." म्हातारी रडली. विठोबाच्या पायावर हात ठेवून म्हणाली, "तुजा डाक्टर आलता, त्यानं दिलं. मला वाटलं औशिद आसंल." मी तिचे पाय धरले. मग तुझं पत्र आलं.

खूण पटली तुझी. मासळीच. आता शंका नाही. ज्याने उपाय सांगितला त्यानेच मोडला आणि मोडूनच खरा ठरवला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आहे.

मी उपाशी मारते? पदू, समोर आलं की द्यायचं, वाटलं की यायचं, राग आला की किल्ली आपटायची, यालाच तू प्रेम म्हणतोस. मी रोज हात धुऊन तिच्याजवळ जाते आणि ती ओरडत असताना पाठ फिरवून येते, त्याला तू काय म्हणशील? मला द्यावंसं वाटत नाही?

आणि मामा. त्याच्या बापाने डोक्यावर पाटी घेऊन हा धंदा उभा केला. त्याच्या मालाला तू चारचौघांत विष म्हणालास. तो दोन दिवस जेवला नाही. पनवेलच्या माणसांना त्याने निरोप धाडलाय, लवकर या. आणि पोतं खुंटीवरून काढून ओटीवर आणून ठेवलंय. मी पाया पडले तेव्हा म्हणाला, तुळशीच्या लग्नापर्यंत म्हणालो होतो, तोवर ठेवतो. त्या दिवशी अंगावर एक जरी खपली दिसली तरी सोडणार.

तुला काही करायचं असेल तर येऊन नको. लिहून कर. आणि मला नको, मामाला लिही.

पानं मिळाली.

शकू

*

ठाकुरवाडी,
२० ऑक्टोबर १९७३

तीर्थस्वरूप नामदेवमामा यांसी,

पद्माकरचा साष्टांग नमस्कार. हे पत्र चारदा लिहून फाडलं. हे पाचवं तसंच धाडतो.

दसऱ्याला मी तुमच्या दारात तुमच्या मालाला जे बोललो ते खोटं होतं. माल चोख आहे. माझी आई तुमच्याच दुकानची सुकट कर्जतच्या बाजारात विचारून घेते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मासळीत दोष नाही. मांजरीतही नाही. तिच्या अंगाला ती सोसत नाही, एवढंच. काही माणसांना वांगं सोसत नाही, म्हणून कोणी वांग्याला विष म्हणत नाही. हे पत्र तुम्ही दुकानात कोणालाही वाचून दाखवावं. ज्या बाईंनी जुडी परत ठेवली त्यांना जरूर दाखवावं.

हळदी आत्ता बिघडली ती शकूच्या हातून नाही, धोंडूबाईंच्याही नाही. मी दिलेल्या तुकड्याने. शिक्षा असेल ती मला असावी. तिला घाटात सोडू नका. मी घाटातच राहतो, मामा. इथे कोणी टिकत नाही.

तुमचा,
पद्माकर

*

कुंभिवली,
१५ नोव्हेंबर १९७३

पदूस नामदेव गणा याचा आशीर्वाद.

तुजं पत्र शकूनं वाचलं. मग दुकानात वाचाया लावलं. मग बाजाराच्या दिवशी परत वाचाया लावलं. ती बाई आलती, तिनं जुडी नेली. माजा राग गेला आसं समजू नको, पर जेवाया लागलोय.

मांजर बघितलं तुळशीच्या लग्नाला. धोंडूबाईच्या वृंदावनापाशी बसलं होतं. मी सोता उचलून बघितलं, कानाच्या मागं, पोटाखाली. खपली नाय. केस मखमालीवानी. पोतं शकूच्या मामीनं कांदे भराया घेतलं.

पनवेलवाले येऊन गेले. पोरगा बरा हाय, टेंपो हाय त्याचा. पोरगी नाय बोलली. का म्हनून विचारलं तर बोलते, ज्या घरात हे मांजर चालंल तितंच जाईन. आता त्या लोकांना मी काय सांगू रं? चहा पाजून घालवलं. तिच्या बापाला कळवलंय, यंदा राहू दे.

आता तुजं. तू अर्धा डाक्टर. अर्धा डाक्टर मांजराला पुरला, पोरीला पुरायचा नाय. कालेजात जा, पाय धर त्या मास्तराचे, पुरं करून ये. तवर कुंभिवलीत पाय टाकायचा नाय. मांजर धोंडूबाईकडंच राहील. कलेजी मी आनतो, शकूला बाजारात धाडत नाय. पत्र टाकशील तर मांजराचं टाक.

नामदेव गणा

(मामाने सांगितलं तसं लिहिलंय, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. 'पोरीला पुरायचा नाय' यावरचा डाग शाईचा नाही. — शकू)

*

मुंबई,
१० जुलै १९७४

शकू,

चार ओळी हळदीच्या: तिला निव्वळ कलेजीच किती दिवस देणार? आता थोडं खिम्याचं मटणही उकडून दे. एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि मग थांबून बघ. मासळी मात्र कधीच नको, आयुष्यभर. सरांना विचारून लिहितोय. पहिल्या बाकावर बसतो आता.

रेक्टरांकडे गेलो. तोच चष्मा. म्हणाले, "वारला होतास ना?" म्हटलं, "हो सर." खण उघडला. मग किल्ली दिली. माझ्या हातात नाही, टेबलावर ठेवली, अलगद. आबांनी यंदा दार लोटलं नाही. आईने येताना सुकट बांधून दिली. खोलीतल्या मुलांनी सगळी संपवली, मी नाही खाल्ली. का ते मलाही सांगता येत नाही.

सुट्टीत घरी येताना गाडी कर्जतला थांबेल. तिथून कुंभिवली काय, एक एसटी. मी उतरलो की पाय तिकडे वळायला बघतील. मी मामांना शब्द दिलाय. मी स्वतः दिलाय, माझ्या वतीने तू नाही. पाळेन. पण तू मला एक सांग. हळदी अजून मागते का? तिला अजून हवंसं वाटतं का? की विसरली?

पदू

*

कुंभिवली,
१६ जुलै १९७४

पदूस,

'दादा' लिहिलं होतं. मामीने खोडायला लावलं. म्हणाली, "कशाला गं आता त्ये? मला काय पयल्यापासनं कळत नवतं?" तेव्हा आज सगळंच पत्र तिला वाचून दाखवता येईल असं लिहिते, वर आणि खाली निराळं नाही.

हळदी बरी आहे. अंगावर हात फिरवला तर कुठेही खरखरत नाही. खिमा सोसला. धोंडूबाईच्या घरात उंदीर उरला नाही आणि म्हातारी तिच्याशी भांडते, म्हणजे ती घरची झाली. आगोटीचा माल भरून आहे, त्यामुळे मला दिवसभर दुकानातच असावं लागतं. काम संपलं की केस धुते, लुगडं बदलते, हात साबणाने दोनदा धुते आणि रस्ता ओलांडून तिच्याकडे जाते.

तू विचारलंस, विसरली का? नाही.

संध्याकाळी पाऊस उघडला की मामा सुकट पाखडायला बसतो आणि वारा रस्त्याच्या त्या बाजूला वळतो. तेव्हा ती जिथे असेल तिथून उठून पायरीवर येते. नाक वर करते. मधून ट्रक जातात, पुण्याच्या गाड्या जातात. ती दुकानाकडे बघत बसते, दिवे लागेपर्यंत. ओरडत नाही आता. पायरी उतरत नाही. खाजवतही नाही.

मी शेजारी बसलेली असते.

शकू